मिक्सिंग

आमच्या माणदेशात अलीकडं तीन गोष्टींवाचून लग्नाला शोभा नाही, असं ठरूनच गेलंय. एक डॉल्बी, दुसरं जेवणात गोडाचे दोन प्रकार आणि तिसरं शूटिंग. शूटिंग नुसतं काढून भागत नाही. त्याचं पुढं मिक्सिंग करावं लागतं. मिक्सिंग म्हणजे काढलेल्या चित्रांची काटछाट करून, त्यावर गाणी चढवून, मधे मधे इफेक्ट मारून पेनड्राईव्ह द्यायचा. शिकलेली माणसं त्याला एडिटिंग म्हणतात. गावात मात्र मिक्सिंगच. आणि इफेक्ट हा मारायचाच असतो, औषध मारल्यासारखा.

मी शेतकरी माणूस. १९७६ साली दहावी झालो. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली बॅच आमच्या आदल्याच वर्षी बाहेर पडली होती. पुढं शिकायची ऐपत नव्हती, आणि दुष्काळाने रानं मोकळी पडलेली. तेव्हापासून हातात नांगर, पाभर, आणि आता डाळिंबाची कात्री. मग मला ह्या मिक्सिंगचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. पडलंय एवढ्यासाठी, की माझ्या पुतण्यानं आटपाडीला स्टुडिओ टाकलाय, आणि आमच्या घरातलं एक मोलाचं चीजवस्त ह्याच मिक्सिंगमध्ये गेलंय. ते सांगायचंय. पण ओळीनं सांगतो.

माझं लग्न १९८४ सालचं. फोटो चार. तेही काळेपांढरे. एकात मी आणि मंडळी दोघंही कुणीतरी दम दिल्यासारखे उभे आहोत. दुसऱ्यात आई अर्धी दिसते, कारण ती तेवढ्यात वाढायला उठली होती. पण जेवढी दिसते तेवढी खरी दिसते. कपाळाचं गोंदण, नाकातली नथ, पदराला लागलेला पिठाचा हात सुद्धा.

त्यानंतर १९८७ ला दूरदर्शनवर रामायण आलं. गावात टीव्ही एकच, ग्रामपंचायतीसमोर. रविवारी सकाळी मोटा-इंजिनं बंद करून माणसं तिथं बसायची. रामाच्या बाणातून उजेड निघायचा, समोरून रावणाचा बाण यायचा, दोन्ही आभाळात एकमेकांना भिडून विझायचे. इफेक्ट हा शब्द तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. पण डोळ्यांना जे दिसत नाही ते दाखवायची कला पडद्याला येते, हे आम्ही तिथं शिकलो. म्हातारीकोतारी माणसं पडद्याला हात जोडायची, त्यांना हसावं असं कधी वाटलं नाही.

धाकट्या भावाचं लग्न १९९४ ला. त्या लग्नात आमच्या आळीत पहिल्यांदा व्हिडिओ कॅमेरा आला. शूटिंगवाला खांद्यावर उसाची मोळी घेतल्यासारखा कॅमेरा घेऊन फिरायचा. मागं एक पोरगं हॅलोजनचा दिवा धरून. दिव्याच्या झोतात नवरा-नवरीला घाम फुटायचा आणि वायर वऱ्हाडाच्या पायात यायची. पुढं महिन्याभरानं तीन तासांची कॅसेट आली. भाड्यानं टीव्ही-व्हीसीआर आणून सगळ्या भावकीनं ती बघितली. चित्र वहीच्या पानासारखं उलटायचं आणि खालून दुसरं चित्र निघायचं. कधी त्याचे चौकोन चौकोन होऊन उडून जायचे. कधी मधोमध चांदणी उघडायची आणि चांदणीत आमचे मामा जेवायला बसलेले असायचे. लोक लई खूश. तेव्हा हे काम मिक्सर नावाच्या यंत्रावर व्हायचं. यंत्रात ठरलेले नमुने असायचे. बटण दाबलं की तो नमुना. 'मिक्सिंग' हे नाव तिथूनच चिकटलं ते आजतागायत.

आता तो मिक्सर गेला. कॉम्प्युटर आला. पुतण्या बारावीनंतर सांगलीला राहून हे शिकला आणि चार वर्षांमागं त्यानं गाळा घेतला. त्याच्याकडं एडियस नावाचं सॉफ्टवेअर आहे. मूळ जपानमधल्या कोबे शहरातल्या कंपनीनं काढलेलं. आपल्याकडच्या लग्नाच्या धंद्यात ते फार चालतं. बिनकॉम्प्युटरची पोरं मोबाईलवरच काइनमास्टर वापरून वाढदिवसाचे नि बैलांचे व्हिडिओ करतात. बाजारादिवशी मी आटपाडीला गेलो की पुतण्याच्या गाळ्यात टेकतो. त्याच्या मागं बसून बघता बघता मला ह्या इफेक्टची गोम कळत गेली.

एकदा मी त्याला विचारलं, "ही पाकळी वरनं खाली येते, ती कोण हलवतं?"

तो म्हणाला, "कुणीच न्हाई नाना. मी फक्त सांगायचं, सुरवातीला पाकळी हितं, दोन सेकंदानं तिथं. मधली वाट कॉम्प्युटर काढतोय. एका सेकंदात पंचवीस चित्रं असत्यात. म्हणजे पन्नास चित्रांत ती पाकळी कुठं कुठं पायजे, ह्येचा हिशोब तो करतोय."

मला लगेच उमगलं. डाळिंबाची लागण करताना आम्ही तेच करतो. रानाच्या ह्या टोकाला एक खुंटी, त्या टोकाला एक खुंटी, मधे दोरी ताणली की खड्ड्यांची ओळ आपोआप ठरते. त्याच्या भाषेत त्या खुंटीला कीफ्रेम म्हणतात. पाकळी कुठं, केवढी, किती फिरलेली, किती पुसट, कोणत्या रंगाची, हे सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. एकदा खुंट्या ठोकून झाल्या, की त्या सगळ्या आकड्यांची पुरचुंडी बांधायची आणि तिला नाव देऊन ठेवायचं. ती पुरचुंडी म्हणजे प्रीसेट. पुढच्या लग्नात नव्यानं काही करायचं नाही, पुरचुंडी ओढून आणायची आणि चित्रावर सोडायची. बायकांनी रांगोळीसाठी भोकाभोकाचा पत्र्याचा साचा आणावा, तसंच हे. साचा ठेवायचा, रांगोळी ओतायची, उचलायचा. कमळ तयार. काढणारीचा हात वळणदार असो की थरथरता, कमळ एकच.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे गाण्याचं प्रोजेक्ट. हे सगळं गाणं आधीच बसवलेलं असतं. मोरपिसं, बदाम, आकाशातला चंद्र, फिरणारी झुंबरं, सगळं जागच्या जागी. मधे फक्त रिकामी खोकी. पहिल्या खोक्यात नवरी, दुसऱ्यात नवरा, तिसऱ्यात दोघं. असली प्रोजेक्टं विकत मिळतात, आणि एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत विरजणासारखी फिरतात. त्यामुळं आमच्या तालुक्यातल्या एका हंगामातल्या सगळ्या नवऱ्या त्याच गाण्याच्या त्याच ठेक्याला मान वळवतात. नवऱ्या बदलतात, गिरकी तीच.

साच्याची गंमतही होते. मागं हिरवा पडदा लावून शूटिंग केलं, की कॉम्प्युटरला सांगता येतं, हिरवं तेवढं काढून टाक आणि तिथं दुसरं चित्र भर. त्याला क्रोमा म्हणतात. कॉम्प्युटर इमानदार गडी. हिरवं म्हणजे हिरवं. एका पोरीला असं पडद्यापुढं उभं केलं, तर तिच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. चुडा गेला आणि मनगटातून ताजमहाल दिसायला लागला. आपल्याकडं नवरीच्या हातात हिरवा चुडा असणारच, हे पडद्याचा रंग ठरवणाऱ्याला कुणी सांगितलं होतं? तेव्हापासून पुतण्या नवरीसाठी निळा पडदा वापरतो.

आता मूळ गोष्टीकडं येतो.

माझ्या थोरल्या लेकीचं लग्न २००९ साली झालं. हळदीच्या दिवशी पहाटे जात्याला सुपारी-हळकुंड बांधलं आणि आई जात्यावर बसली. तेव्हा ती पंचाहत्तरीच्या पुढं होती. घरात दळण जात्यावर होत नव्हतं त्याला पंचवीस वर्षं झाली होती, पण हळदीचं जातं तिच्याशिवाय कुणी ओढायचं नाही. ती ओवीवर ओवी सोडत गेली. आईच्या ओवीत घरातलं प्रत्येक माणूस यायचं. लेक, सून, जावई, पंढरीचा विठोबा, खरसुंडीचा सिद्धनाथ, सगळे एका माळेत. आणि त्यात एक नाव असं यायचं, जे एरवी ती कधी उच्चारायची नाही. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. दीड-दोन वर्षांचा होऊन गेला. त्याची जन्माची नोंद नाही, फोटो नाही, रेशनकार्डावर नाव नाही. वडिलांनी आमच्यासमोर कधी विषय काढला नाही. त्याचं नाव ह्या जगात एकाच जागी होतं, आईच्या ओवीत. जात्याचा खुंटा हातात आला तरच ते बाहेर पडायचं. मी लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकलेलं. माझा भाऊ मला तेवढाच ठाऊक.

त्या पहाटे शूटिंगवाला हजर होता. अर्धा तास त्यानं आईसमोर कॅमेरा धरला. मी स्वतः बघितलंय. दीड महिन्यानं दोन डीव्हीड्या आल्या. लावून बघितल्या. हळदीचा भाग सुरू झाला आणि मोठ्यानं सिनेमातलं गाणं लागलं. पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस. मधे बदामाच्या आकाराची चौकट, त्या चौकटीत आई. हात फिरतोय, तोंड हलतंय, आणि गाणं चाललंय भलतंच. चार सेकंद. मग बदाम गिरकी घेऊन गेला आणि दुसऱ्या बदामात मेहुणे आले.

मी त्या शूटिंगवाल्याकडं गेलो. म्हणालो, बाबा, आईच्या ओव्यांचं जेवढं काढलंयस तेवढं बिनगाण्याचं दे. तो म्हणाला, ती कॅसेट पुढच्या लग्नाला वापरली. त्यावर दुसरं शूटिंग झालं. तो माणूस वाईट नव्हता. त्या वेळी तासाभराच्या छोट्या कॅसेटी असायच्या, एका लग्नाला चार-पाच लागायच्या आणि धंद्यात सगळेच त्या पुन्हा पुन्हा वापरायचे. माझ्या जिवाची तगमग त्याला कळली, पण करणार काय? २०१२ ला आई गेली.

पुतण्यानं स्टुडिओ टाकल्यावर मी पहिल्यांदा ती डीव्हीडी त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, पाकळ्या बाजूला सार आणि गाण्याखालचा आवाज वर काढ. त्यानं खटपट केली. मग मला खुर्चीवर बसवून नीट समजावलं. "नाना, काम चालू असताना इफेक्ट चित्रावर नुसता ठेवलेला असतोय. कवाबी उचलता येतोय. पण एकदा फायनल व्हिडिओ बाहेर काढला की चित्र आन् इफेक्ट एक होत्यात. पाकळीखालचा गाल आता न्हाईच. तिथं पाकळीच हाय. आन् आजीचा आवाज त्यानं गाण्याखाली बंद केला हुता. बंद केलेला आवाज डीव्हीडीत येतच न्हाई."

म्हणजे कच्ची वीट आणि भाजलेली वीट. कच्ची वीट पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होतो, दुसऱ्या साच्यात घालता येते. भट्टीतून निघाली की तिचा चिखल होत नाही. आईची ती पहाट भाजून निघाली होती.

हे वाचून कुणी म्हणेल, नाना इफेक्टवरच उठलाय. तसं नाही. एका दिवाळी अंकात मी दादासाहेब फाळक्यांविषयी वाचलं होतं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या आधी १९१२ मध्ये फाळक्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेऱ्यासमोर ठेवून रोज एक चित्र घेतलं. महिनाभर. मग ती चित्रं भराभर चालवली, तर दाणा फुटून त्याचा वेल डोळ्यांसमोर चढला. 'अंकुराची वाढ' त्याचं नाव. ते बघून पैसेवाल्यांचा विश्वास बसला आणि पुढचा सिनेमा उभा राहिला. मला हे वाचून अंगावर काटा आला. मी जन्मभर बी पेरतोय, पण बी उगवताना कुणा शेतकऱ्यानं बघितलंय? आपण रात्री झोपतो, सकाळी कोंब दिसतो. फाळक्यांनी जी करामत केली ती टाइमलॅप्स म्हणून आज मोबाईलमध्ये एका बटणावर आहे. मी पुतण्याच्या मोबाईलवर आमच्या डाळिंबाची कळी उमलताना बघितली. तो इफेक्टच, पण त्यानं डोळ्यांना न दिसणारं खरं दाखवलं. बदामानं डोळ्यांना दिसणारं खरं झाकलं. फरक एवढाच आहे, आणि एवढा मोठा आहे.

आणि सगळं झाकणंही वाईट म्हणवत नाही. आमच्या शेजारच्या वाडीत एका पोरीचं लग्न झालं. बाप आदल्या वर्षी मोटरसायकलवरून जाऊन वारलेला. पुतण्यानं त्याच्या आधारकार्डावरचा फोटो घेतला, ढगांचं एक तयार प्रीसेट होतं त्यात बसवला, मागून उजेडाचे किरण सोडले आणि अक्षता पडताना तो फोटो आभाळात आणला. मला बघताना ते जरा भडक वाटलं. पण त्या पोरीच्या आईनं तो तुकडा दहा वेळा लावायला सांगितला. तिला मी काय सांगणार, हे आकडे आहेत, पुरचुंडी आहे म्हणून? रामायणाला हात जोडणारी माणसं आणि ती, एकच.

पुतण्याची बाजूही ऐकायला पाहिजे. तो म्हणतो, "नाना, मे महिन्यात एका दिवसात दोन-दोन तिथ्या. एका लग्नाचं सात-आठ तासांचं शूटिंग. प्रत्येक चित्रावर हातानं काम करत बसलो तर पुढच्या दिवाळीला पेनड्राईव्ह मिळंल. आन् पावणंच म्हणत्यात, त्यांच्यात बदाम हुतं, आमच्यात का न्हाईत?" खरंय. मी सुद्धा खताचं पोतं तयारच आणतो, १०:२६:२६. माती न तपासता सगळ्या रानाला तेच टाकणारे आम्ही, पोराला कुठल्या तोंडानं नावं ठेवणार?

२०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीचं, म्हणजे ह्या पोराच्या सख्ख्या बहिणीचं लग्न निघालं. हळदीच्या जात्यावर आता कोण, तर माझी धाकटी चुलती. पंच्याऐंशीच्या घरातली. पाठीला बाक, पण आवाज अजून खणखणीत. ती ह्या घरात आली तेव्हा माझा तो थोरला भाऊ जाऊन वर्ष झालं होतं. पुढं वीस-पंचवीस वर्षं ती आणि आई समोरासमोर बसून एकच खुंटा धरून दळत होत्या. मी पुतण्याला एवढंच म्हणालो, "काकीचं जेवढं काढशील तेवढं मला बिनमिक्सिंगचं पायजे." त्यानं कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला, काकीच्या पदराला बारका माइक लावला आणि स्वतः बाजूला झाला.

चार दिवसांनी काकीला बघायला बोलावलं. कॉम्प्युटरवर शूटिंग सुरू केलं. पण सवयीप्रमाणं त्यानं चेहरे उजळायचं प्रीसेट आधीच सगळ्या शूटिंगवर ओढून टाकलं होतं. ते प्रीसेट कातडी गुळगुळीत करतं, डाग काढतं, सुरकुत्या पुसतं. काकी डोळे बारीक करून बघत राहिली. मग म्हणाली, "ही कोण रं?"

"तूच की आज्जे."

"मी? मग माझं गोंदाण कुठाय?"

खरंच, कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण पुसट होऊन गेलं होतं. कॉम्प्युटरनं ते डाग समजून साफ केलं होतं. काकी म्हणाली, "आरं, मेल्यावर सोनंनाणं हितंच ऱ्हातंय. गोंदाण तेवढं संगं येतंय. ती बी तूच पुसतूस व्हय?"

पोरगं हसलं नाही. त्यानं त्या चित्रावरचं प्रीसेट उचललं. हे अजून भट्टीत गेलेलं नव्हतं म्हणून उचलता आलं. एका क्षणात काकीचं तोंड परत आलं. सुरकुत्या, गोंदण, हळदीचा गालाला लागलेला हात, सगळं. रंगाचं एक प्रीसेट हळदीचा पिवळा रंग नारिंगी करत होतं, तेही काढलं. मग आवाज मोठा केला.

काकीनं त्या पहाटे एकोणीस ओव्या म्हटल्या होत्या. मी लग्नाच्या धांदलीत होतो, त्यामुळं मला तेव्हा एकही नीट ऐकायला मिळाली नव्हती. गाळ्यात बसून ऐकत होतो. अकराव्या की बाराव्या ओवीत तिनं आईचं नाव घेतलं, आणि पाठोपाठ त्याचं. माझ्या भावाचं. आईच्या चालीवर, आईनं जिथं ठेवलं होतं त्याच जागी. पुतण्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "नाना, हे कोण? ह्या नावाचं आपल्यात कोन हाय?" मी त्याला सगळं सांगितलं. साठ-पासष्ट वर्षांत आमच्या घरात त्या पोराविषयी मोठ्यानं बोलणं झालं ते त्या दिवशी, आटपाडीच्या गाळ्यात.

पुण्याकडं गी पॉइटविन आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी खेड्यापाड्यांत फिरून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हे मला पुढं कळलं. त्यांतल्या पुष्कळ ओव्यांपुढं म्हणणाऱ्या बाईचं नाव नि गाव आहे. हे वाचून बरं वाटलं. पण प्रत्येक घरी असं कुणी येणार नाही. आपल्या घरातल्या बाईचा आवाज आपणच धरून ठेवायचा. आता तर त्याला कॅसेटीचाही खर्च नाही.

पुतण्यानं त्याच्या यादीत एक नवीन प्रीसेट करून ठेवलंय. त्याचं नाव त्यानं 'नाना' ठेवलंय. त्यात काय आहे विचारलं, तर म्हणाला, उजेड थोडा सारखा करायचा, जात्याची घरघर किंचित खाली घ्यायची, बाकी काही नाही. हळद आणि म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ह्यांना तो तेच लावतो. उरलेल्या लग्नात बदाम, मोर, चंद्र सगळं चालू आहे, आणि पावणे खूश आहेत. शूटिंग ठरवायला कुणी आलं, की तो हल्ली विचारतो, घरात जुनं गाणारं कोण आहे का? असलं तर त्यांचं वेगळं, अख्खं देतो. त्याचे जादा पैसे घेत नाही.

काकीच्या एकोणीस ओव्या मी दोन पेनड्राईव्हवर ठेवल्यात, आणि तिसरी प्रत लेकीच्या घरी साताऱ्याला दिलीय. पेनड्राईव्हही कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून सगळ्या ओव्या वहीत उतरवून काढल्या. बाराव्या ओवीपाशी भावाचं नाव लिहिलं, आणि त्याच्यापुढं कंसात नातं लिहिलं. नातवंडांना विचारावं लागू नये.